तारीख कोणी ठरवायची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचा, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीचा, आधार संपला; तिची देखभाल करणे मायक्रोसॉफ्टने थांबवले. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. सकाळी नेहमीसारखा सुरू झाला, फाइली उघडल्या, कामे झाली. थांबल्या त्या फक्त सर्वांना आपोआप मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या. पण त्या तारखेच्या आधी कित्येक महिने जो वाद पेटला आणि अजूनही विझलेला नाही, तो ऐकताना माझी अस्वस्थता वाढत गेली. एक बाजू म्हणते, नवी आवृत्ती आली की घ्या. न घेणारे आळशी, स्वतःला आणि इतरांना धोक्यात घालणारे. दुसरी बाजू म्हणते, चालत्या यंत्राला हात लावू नका; हा सगळा नवी यंत्रे खपवण्याचा उद्योग आहे. दोन्हीकडे खरी माणसे आहेत आणि त्यांचे अनुभवही खरे आहेत. पण वाद 'घ्यावी की घेऊ नये' या एकाच खुंटीभोवती फिरत राहतो, आणि ज्यावर भांडायला हवे ते कोपऱ्यात पडून राहते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ऑपरेटिंग सिस्टिमची मोठी नवी आवृत्ती टाळता येत नाही, फक्त पुढे ढकलता येते. ती कधी घ्यायची हे ठरवण्याचा हक्क वापरणाऱ्याचा आहे. कंपनीने रात्रीतून ती त्याच्यावर लादणे हा त्या हक्काचा भंग आहे. पण हक्क बजावायचा म्हणजे तारीख ठरवायची. 'नंतर आठवण करा' हे बटण तीन वर्षे दाबत राहणे म्हणजे तारीख ठरवणे नव्हे. तो निर्णय दुसऱ्या कुणाच्या तरी हाती सोपवणे आहे, आणि तो दुसरा बहुधा एखादा चोर, एखादी बिघडलेली हार्ड डिस्क किंवा ऐन घाईच्या दिवशी न उघडणारा प्रोग्रॅम असतो.

वाद भरकटण्याचे पहिले कारण भाषेत आहे. 'अपडेट' या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. सुरक्षा-दुरुस्ती भिंतीतली एक फट बुजवते. घराचा नकाशा तोच राहतो. मोठी आवृत्ती नकाशाच बदलते. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलतो, त्याच्याशी बोलणारे, प्रिंटरसारखी उपकरणे चालवणारे ड्रायव्हर नव्याने लागतात, प्रोग्रॅम ज्या लायब्ररींवर, म्हणजे तयार कोडच्या संचांवर, उभे असतात त्या पुढे सरकतात, सेटिंगच्या फाइलींची मांडणी बदलते आणि काही दारे कायमची बंद होतात. सप्टेंबर २०१७ मध्ये आयफोनचे आयओएस ११ आले आणि ३२ बिटचे, म्हणजे जुन्या घडणीचे, सगळे ॲप एका फटक्यात चालेनासे झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना या आवृत्तीने ॲपलच्या संगणकांवर तेच केले. हे कुणाच्या हातून घडलेले दोष नव्हते. आधी जाहीर केलेले, विचार करून घेतलेले निर्णय होते. पण ज्याचे काम अशाच एखाद्या ॲपवर चालत होते आणि ज्याने ते लिहिले तो विकासक केव्हाच दुसरीकडे निघून गेला होता, त्याला त्या निर्णयामागचा विचार काय उपयोगाचा? दुरुस्ती घेण्यात जोखीम फार थोडी असते, न घेण्यात मोठी. मोठ्या आवृत्तीचे गणित इतके सरळ नाही, आणि दोन्ही गोष्टी एकाच बटणामागे ठेवल्या की लोक एकीची भीती दुसरीला लावतात.

ही गल्लत किती खोल गेली आहे ते पाहायचे असेल तर वॉनाक्रायचे उदाहरण कसे दिले जाते ते पाहा. १२ मे २०१७ रोजी हा खंडणीखोर किडा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा आणि आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, दीडशेच्या आसपास देशांत पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना, म्हणजे ती सेवा चालवणाऱ्या संस्थांना, त्याची झळ बसली. तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. तेव्हापासून ही घटना 'जुनी विंडोज वापरल्याचे फळ' म्हणून सांगितली जाते आणि जुन्या विंडोज एक्सपीवर बोट ठेवले जाते. प्रत्यक्षात बाधित यंत्रांतली बहुसंख्य यंत्रे विंडोज ७ वर होती, आणि विंडोज ७ ला तेव्हा आधार होता. ज्या भगदाडातून किडा शिरला ते बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, आली होती. नवी आवृत्ती नसणे हे त्या यंत्रांच्या बाधेचे कारण नव्हते. त्यांनी साधी दुरुस्ती घेतली नव्हती. तेव्हा 'अपग्रेड करा नाहीतर वॉनाक्राय होईल' असे बजावणारा माणूस चुकीच्या पुराव्यावर बरोबर सल्ला देतो, आणि ज्याला हा तपशील माहीत आहे तो तो सल्लाही टाकून देतो.

आता समोरच्या बाजूचे सर्वांत भक्कम मुद्दे. नव्या आवृत्तीबद्दलचा अविश्वास लोकांच्या मनात आपोआप उगवलेला नाही. कंपन्यांनी तो पेरला आहे. २०१६ मध्ये विंडोज १० कडे वळवण्याच्या मोहिमेत अशी वेळ आली की अपग्रेडची सूचना बंद करण्यासाठी कोपऱ्यातली लाल फुली दाबली तरी ठरवलेले अपग्रेड रद्द होत नव्हते. जगभर 'हे बंद कर' एवढाच अर्थ असलेल्या खुणेचा अर्थ एका खिडकीपुरता बदलला होता. मोठी ओरड झाल्यावर ते सुधारले गेले. पण ज्याचा संगणक अशा रीतीने सकाळी वेगळाच होऊन समोर आला, तो पुढे कुठल्या सूचनेवर विश्वास ठेवेल? २४ सप्टेंबर २०१४ रोजी आलेल्या आयओएस ८.०.१ ने नव्या आयफोन ६ चे नेटवर्क आणि बोटाचा ठसा ओळखणे बंद पाडले. ॲपलला ते तासाभरातच मागे घ्यावे लागले. ऑक्टोबर २०१८ मधल्या विंडोज १० च्या मोठ्या अद्ययावत आवृत्तीने काही जणांचे दस्तऐवज आणि छायाचित्रे पुसून टाकली. काही दिवसांत तिचे वाटप थांबवले आणि ती नोव्हेंबरच्या मध्यावर पुन्हा आली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्याला भित्रा म्हणणे हा अन्याय आहे.

याहून गंभीर आहे ती जुन्या यंत्रावर नवी आवृत्ती चढवण्याची गोष्ट. ऑक्टोबर २०१८ मध्येच इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला. कारण असे की जुन्या फोनच्या मालकांना नव्या आवृत्त्या घ्यायला आग्रह केला गेला, पण त्या आवृत्त्यांनी फोन मंदावतील आणि मागे फिरण्याची वाट नाही, हे सांगितले गेले नाही. सॅमसंगच्या बाबतीत तर नव्या नोट ७ फोनसाठी बेतलेले अँड्रॉइड जुन्या नोट ४ वाल्यांच्या गळ्यात पडले होते. म्हणजे 'अपडेट घेतल्यापासून फोन हळू झाला' ही तक्रार इतकी वर्षे ज्यांनी अडाण्याची समजूत म्हणून उडवून लावली, त्यांनी आता ती गंभीरपणे ऐकायला हवी. आणि विंडोज ११ चे काय? त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीनंतरचाच प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१५-१६ च्या सुमारास घेतलेले, अजून धडधाकट असलेले असंख्य संगणक अधिकृत रस्त्याने वर जाऊच शकत नाहीत. त्यांच्या मालकांना 'अपग्रेड करा' असा उपदेश करणे म्हणजे बंद दारासमोर उभ्या असलेल्या माणसाला आत या म्हणणे.

हे सगळे मी मान्य करतो, आणि मनापासून करतो. तरीही 'म्हणून हात लावू नका' हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तो निघतो असे वाटते, कारण त्याच्या मुळाशी एक न तपासलेले गृहीतक आहे: आपण जुन्यावर थांबलो की गोष्टी आहेत तशा राहतात. आपण थांबतो हे खरे. भोवतालचे जग थांबत नाही. संकेतस्थळ खरे आहे हे ब्राउझर प्रमाणपत्रावरून ओळखतो, आणि ते प्रमाणपत्र यंत्रातच साठवलेल्या एखाद्या मूळ प्रमाणपत्राच्या भरवशावर चालते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अशा एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे वापरणारी कितीतरी संकेतस्थळे जुन्या संगणकांवर, जुन्या उपकरणांवर अचानक 'असुरक्षित' म्हणून उघडेनात. त्या यंत्रांवर त्या दिवशी कुणीच काही बदलले नव्हते. तीच तर अडचण होती. नवे मूळ प्रमाणपत्र त्यांच्या यादीत कधी पोहोचलेच नव्हते. क्रोम ब्राउझरने २०२३ च्या सुरुवातीला विंडोज ७ ला राम राम केला. आवृत्ती १०९ ही तिथली शेवटची. आज जुना ब्राउझर, उद्या बँकेचे पान, परवा मुलाच्या शाळेचा अर्ज. एकेक दार बंद होत जाते, आणि प्रत्येक वेळी वाटते की आजच हे काय बिघडले.

आपल्याच भाषेत याचे एक जुने रूप आहे. शतकानुशतकांची मोडी दप्तरे आजही बासनांत आहेत. कागद टिकला, शाई टिकली, अक्षर तेच आहे. विरळ झाले ते वाचणारे. दप्तराला काहीही झालेले नाही आणि तरीही बहुतेकांसाठी ते मुके झाले आहे. 'माझा संगणक तर व्यवस्थित चालतो' असे कुणी म्हटले की मला ही बासने आठवतात. चालतो म्हणजे काय? एकटा चालतो की इतरांशी बोलू शकतो? एखाद्या खोलीत एकटे पडून मजकूर टंकणारे यंत्र असेल तर पहिला अर्थ पुरेसा आहे. पण जाळ्याशी, म्हणजे इंटरनेटशी, जोडलेल्या यंत्राचे काम म्हणजे मुख्यतः बोलणेच असते.

सुरक्षेच्या बाबतीत तर थांबणे हे मागे जाण्याइतकेच असते, आणि यामागची यंत्रणा फारशी सांगितली जात नाही म्हणून इथे थोडा थांबतो. नव्या आवृत्तीतली एखादी फट बुजवली जाते तेव्हा ती दुरुस्ती सर्वांसमोर येते. हल्लेखोर दुरुस्तीआधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून ताडून पाहतात आणि फट नेमकी कुठे होती ते शोधून काढतात. आता त्याच घराण्यातल्या जुन्या आवृत्तीतही तो कोड तसाच असेल, आणि पुष्कळदा असतोच, तर तिच्यातली फट मात्र उघडीच आहे. ती बुजवायला कुणी येणार नाही. नव्याची प्रत्येक दुरुस्ती जुन्याच्या कमजोरीचा नकाशा बनते. जो म्हणतो 'माझ्या संगणकात चोरण्यासारखे आहे काय', त्याला सांगावेसे वाटते की वॉनाक्रायने कुणाकडे काय आहे हे पाहिलेच नव्हते. तो उघड्या दारातून शिरत गेला आणि शेजारची दारे ठोठावत पुढे गेला.

आणि उशिराचे व्याज. इथे मला दिनदर्शिकेचा इतिहास फार बोलका वाटतो. जुन्या ज्युलियन गणनेत दर चारशे वर्षांना सुमारे तीन दिवसांची चूक साठत होती. १५८२ मध्ये ज्या देशांनी ग्रेगोरियन गणना घेतली त्यांनी दहा दिवस गाळले: उदाहरणार्थ स्पेनमध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. ब्रिटन धार्मिक अविश्वासापोटी १७५२ पर्यंत थांबला. तोवर अकरा दिवस गाळायची वेळ आली. रशियाने १९१८ मध्ये बदल केला तेव्हा तेरा. बदल टळला का कुणाचा? नाही. फक्त उडी लांबत गेली, आणि मधल्या काळात शेजाऱ्यांशी झालेल्या प्रत्येक पत्रव्यवहारात दोन-दोन तारखा लिहाव्या लागल्या. ब्रिटनचा अविश्वास समजण्यासारखा नव्हता असे मी म्हणत नाही. नवी गणना पोपच्या आज्ञेने आली होती आणि तिच्यामागे सत्तेचे राजकारण होते. पण सूर्य पोपचे ऐकून चालत नव्हता. बदल कुणी आणला यावर रागावण्याचा हक्क असतो. त्या रागाने साठत जाणारी चूक कमी होत नाही.

त्याहून शिकण्यासारखे स्वीडनचे आहे. त्यांनी ठरवले, एकदम अकरा दिवस गाळायला नकोत. १७०० पासून चाळीस वर्षे लीप दिवसच पाळायचे नाहीत, हळूहळू आपण नव्या गणनेला जाऊन मिळू. १७०० चा लीप दिवस गाळला. मग युद्ध लागले आणि १७०४ व १७०८ चे गाळायचे राहूनच गेले. परिणामी स्वीडनची तारीख जुन्याशीही जुळेना, नव्याशीही जुळेना. जगात कुणाचीच नसलेली दिनदर्शिका घेऊन ते बसले. अखेर १७१२ मध्ये फेब्रुवारीला ३० वा दिवस जोडून ते जुन्या गणनेत परतले, आणि १७५३ मध्ये ब्रिटनसारखीच एकदम उडी मारून नव्यात आले. अर्धे जुने, अर्धे नवे ठेवणाऱ्या प्रत्येक संगणकाची ही कथा आहे. मूळ प्रणाली जुनी ठेवायची, पण एक प्रोग्रॅम नवा हवा म्हणून त्याच्या लायब्ररी कुठल्यातरी परक्या भांडारातून, म्हणजे मूळ प्रणालीच्या बाहेरच्या साठ्यातून, ओढायच्या. त्या चालाव्यात म्हणून आणखी चार. काही महिन्यांनी ते यंत्र ना या आवृत्तीचे राहते ना त्या. त्याच्यावरचा कुठलाही बिघाड इतर कुणाच्या बिघाडाशी जुळत नाही, म्हणून मदतही मिळत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. घरचा एक लहानसा सर्व्हर मी वर्षानुवर्षे लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या एकाच आवृत्तीवर ठेवला होता. त्यावर बॅकअप जायचे, छायाचित्रे साठायची. सारे ठीक होते, म्हणून बोट लावले नाही. आधार संपून बराच काळ लोटल्यावर एक डिस्क कुरकुरू लागली आणि नव्या डिस्कसाठी नवा कर्नल लागेल असे कळले. तेव्हा लक्षात आले की मला एक पायरी नव्हे, तीन पायऱ्या चढायच्या आहेत, कारण मधली आवृत्ती गाळून उडी मारण्याला अधिकृत परवानगी नव्हती. पहिल्याच पायरीवर, अर्धी पॅकेजे, म्हणजे प्रणालीचे सुटे भाग, नवी आणि अर्धी जुनी असताना, बूटचे विभाजन, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या फाइलींसाठी राखलेला डिस्कचा तुकडा, भरले आणि काम अडले. वर्षांमागे मीच एक छोटे विभाजन केले होते आणि जुने कर्नल त्यात साठत गेले होते. त्या रात्री मला वाईट वाटले ते त्या क्षणाच्या त्रासाचे नव्हे. पाच वर्षांत तीन वेळा, निवांत सुट्टीच्या सकाळी, चांगल्या डिस्कवर, हेच काम मी सावकाश करू शकलो असतो. मी ते मरणाऱ्या डिस्कवर, मध्यरात्री, एकदम केले. छायाचित्रे वाचली ती दुसरी प्रत होती म्हणून. माझ्या शहाणपणामुळे नव्हे.

कुणी म्हणेल, काही यंत्रांना खरोखरच हात लावता येत नाही. बरोबर आहे. रुग्णालयातले स्कॅनिंग यंत्र, प्रयोगशाळेतला मोजमापाचा संच, कारखान्यातले नियंत्रक: यांच्यासोबत येणारा संगणक ठरावीक आवृत्तीवर तपासून प्रमाणित केलेला असतो. तिथे परस्पर आवृत्ती बदलली तर मोजमापावरचा भरवसाच उडतो. नव्या परिस्थितीत जुना कोड किंवा जुन्या यंत्रावर नवा कोड चालवणे जीवघेणे ठरू शकते हे तंत्रज्ञांना चांगले ठाऊक आहे. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसएक सेकंदांत भरकटून नष्ट झाले, ते एरियान ४ वर निर्दोष चाललेला कोड नव्या वेगाच्या यानावर तसाच नेल्यामुळे. 'इतकी वर्षे चालते आहे' हा गुण त्या कोडचा एकट्याचा नव्हता. कोड आणि त्याची परिस्थिती या जोडीचा होता. पण या अपवादाची एक किंमत असते, आणि ती मोजणारे लोक ती प्रामाणिकपणे मोजतात. त्या यंत्राला जाळ्यापासून तोडतात किंवा वेगळ्या कुंपणात ठेवतात, त्यात पेन ड्राइव्ह कोण लावतो यावर लक्ष ठेवतात, सुटे भाग जमवून ठेवतात. आपल्या टेबलावरच्या, दिवसभर ईमेल आणि ब्राउझर उघडे असलेल्या संगणकासाठी तीच सूट मागायची आणि कुंपण मात्र घालायचे नाही, हे कसे चालेल?

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण 'पहिल्याच दिवशी घ्या' म्हणणाऱ्यांचाही आग्रह मला तितकाच अनाठायी वाटतो. स्वतः बनवणारेच पहिल्या दिवशी सर्वांना देत नाहीत. उबुंटू या लिनक्स प्रणालीची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघते, पण आधीच्या दीर्घ आवृत्तीवर असलेल्यांना नव्या आवृत्तीचे निमंत्रण सर्वसाधारणपणे पहिली सुधारित प्रत निघेपर्यंत, म्हणजे तीन-चार महिने, येतच नाही. डेबियन ही दुसरी लिनक्स प्रणाली तर 'तयार झाली की निघेल' याच तत्त्वावर चालते आणि प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत काय काय मोडू शकते याची स्वतंत्र प्रकरणे लिहून देते. मायक्रोसॉफ्ट टप्प्याटप्प्याने यंत्रे निवडते आणि अडचण दिसलेल्या यंत्रांना थांबवून ठेवते. सर्वांना एकाच क्षणी देण्याने काय होते ते १९ जुलै २०२४ रोजी दिसले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष फाइलने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली आणि विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत बिघाडाचे निळे पडदे उभे राहिले. ती नवी आवृत्ती नव्हती हे खरे, पण सर्वांनी एकदम पाऊल टाकण्याचा धोका त्यातून दिसलाच.

यावर त्यांचा एक रास्त आक्षेप आहे: सगळेच थांबले तर दोष सापडणार कसे? कुणीतरी पुढे जायलाच हवे. खरे आहे, आणि पुढे जाणाऱ्यांचे उपकारही मोठे आहेत. पण २०१८ च्या त्या फाइल पुसणाऱ्या आवृत्तीची गोष्ट पुन्हा पाहा. चाचणी घेणाऱ्या काही स्वयंसेवकांनी फाइली गेल्याची तक्रार आधीच नोंदवली होती. ती ढिगात दबली. पुढे जाणाऱ्यांची वानवा नव्हती. त्यांचे ऐकले गेले नाही. सुटे यंत्र, ताजी प्रत आणि मागे फिरण्याची वाट असलेल्या माणसाने पहिल्या दिवशी जावे, जरूर जावे. ज्याच्याकडे एकच संगणक आणि उद्या द्यायचे काम आहे, त्याला धैर्याचे धडे कशाला द्यायचे?

तारीख ठरवणे म्हणजे काय हे स्वीडनने पुढे एकदा फार चांगले दाखवले. १९५५ च्या सार्वमतात तिथल्या ८३ टक्के लोकांनी रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालवायला नकार दिला होता. तरी शेजारचे देश उजवीकडून चालत होते आणि स्वीडिश गाड्यांचे चाकही त्याच हिशेबाने बसवलेले असे. १९६३ मध्ये संसदेने बदल ठरवला. अंमलाचा दिवस ठरला ३ सप्टेंबर १९६७. मधली चार वर्षे खांब उभारण्यात, खुणा झाकून ठेवण्यात, बसची दारे दुसऱ्या बाजूला नेण्यात, लोकांना सांगण्यात गेली. त्या पहाटे अत्यावश्यक सोडून वाहतूक बंद होती. रस्त्यावर असलेल्या गाड्या ४ वाजून ५० मिनिटांनी थांबल्या, सावकाश पलीकडे गेल्या, आणि ५ वाजता पुन्हा निघाल्या. माझ्या मनावर ठसते ते त्या दहा मिनिटांमागचे चार वर्षांचे काम. संगणकाच्या बाबतीत ते काम इतके मोठे नाही, पण जातीचे तेच आहे. आधार कधी संपतो ते पाहून त्याच्या काही महिने आधीचा एखादा रिकामा दिवस निवडायचा. आवृत्तीसोबतची टिपणे वाचायची, त्यातही 'ज्ञात अडचणी' हे प्रकरण. स्कॅनर, प्रिंटर आणि ज्यावर पोट चालते तो प्रोग्रॅम नव्यावर चालतो का ते विचारून ठेवायचे. डिस्कवर जागा मोकळी करायची, परकी भांडारे तात्पुरती बंद करायची. आणि बॅकअप. नुसता घ्यायचा नाही. त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या यंत्रावर परत उघडून पाहायच्या. न उघडून पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नसतो, हे मी पुन्हापुन्हा सांगेन.

पण सगळे ओझे वापरणाऱ्यावर टाकून मी थांबलो तर माझाही युक्तिवाद लंगडा पडेल. तारीख ठरवण्याचा हक्क तेव्हाच खरा, जेव्हा निवडण्याइतका काळ आणि मोकळीक मिळते. अँड्रॉइडच्या जगात ती वर्षानुवर्षे नव्हती. फोन धडधाकट आणि दुरुस्त्या बंद, हे नित्याचे होते. ते थोडे बदलते आहे. गूगलने पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने एस २४ मालिकेला सात वर्षांचे आश्वासन दिले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे अद्ययावत आवृत्त्या देणे फोन बनवणाऱ्यांवर बंधनकारक केले. चांगलेच आहे, पण मूळ प्रश्न वर्षांचा नाही. नवेपणा आणि सुरक्षा यांची गाठ सोडवण्याचा आहे. ज्याला नवा चेहरा, नवे बटण, नवा सहायक नको आहे, त्याला भगदाडे बुजवलेली जुनी आवृत्ती पुरेशा काळापर्यंत मिळाली पाहिजे, म्हणजे तो वरची उडी स्वतःच्या दिवशी मारेल.

'हे शक्य नाही, खर्च परवडत नाही' असे उत्तर येते. कायमचे शक्य नाही हे मला मान्य आहे. कुठलीही कंपनी वीस आवृत्त्या जन्मभर सांभाळू शकत नाही आणि तशी मागणी करणे बेजबाबदारपणाचे आहे. पण पुष्कळदा दुरुस्ती तयार असते आणि प्रश्न फक्त वाटपाचा असतो. मे २०१७ मध्ये हल्ला झाल्यावर मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही दुरुस्ती सर्वांना खुली केली, एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला असताना. ती त्या रात्री लिहिली गेली नव्हती. जास्तीचे पैसे मोजून आधार चालू ठेवणाऱ्या ग्राहकांसाठी ती आधीपासून होती. विंडोज १० चेही तसेच आहे. संस्थांना पैसे मोजून तीन वर्षांपर्यंत दुरुस्त्या मिळतात. घरगुती वापरणाऱ्यांना एक वर्ष वाढवून मिळाले आहे, पण कुठे राहता त्यावर अट बदलते: युरोपीय आर्थिक क्षेत्रात ते मोफत आहे, आणि इतरत्र शुल्क भरा, नाहीतर आपल्या सेटिंग कंपनीच्या ढगात (क्लाउडमध्ये, म्हणजे तिच्या सर्व्हरवर) पाठवा, नाहीतर तिच्याकडून बक्षीस म्हणून मिळालेले गुण खर्च करा. ग्राहक संघटनांनी तिथे दबाव आणला म्हणून हा फरक पडला. यंत्र तेच, भगदाड तेच, आणि ते बुजवणारी दुरुस्तीही तीच.